गादी गेली, जहागीर राहिली

माहुलीच्या संगमावर वेण्णेचें पाणी घेऊन कृष्णा पुढें निघते ती कऱ्हाडावरून वाहत वाहत सांगलीच्या घाटास येऊन लागते. नदी एकच, भाषा एकच, शेतकऱ्याच्या अंगावरील घोंगडीसुद्धां एकाच विणीची. परंतु ह्या दोन गांवांच्या इतिहासांत जें अंतर पडलें तें मैलांनीं मोजतां येण्यासारखें नाहीं. शाहूमहाराजांस १२ जानेवारी १७०८ रोजीं राज्याभिषेक झाला तेव्हांपासून सातारा ही छत्रपतींची राजधानी. सांगली ही पेशव्यांच्या एका सरदाराची जहागीर, आणि तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं घरांतल्या वांटणींतून निर्माण झालेली. असें असतां १८४९ सालीं सातारा खालसा झाला, आणि सांगली १९४८ च्या मार्चपर्यंत, म्हणजे पुढें नव्याण्णव वर्षें, संस्थान म्हणून नांदली. राजाचें राज्य गेलें आणि राजाच्या प्रधानाच्या सरदाराची जहागीर राहिली! पुढें दैवाची गंमत अशी कीं, १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करण्यांत आले आणि दक्षिण भागास १९६० सालीं सांगलीचें नांव मिळालें. आमचें गांव वाळवें तालुक्यांतलें. आमच्या घरच्या जुन्या खतांवर ‘जिल्हा सातारा’ आहे, आणि आमच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा सांगली’.

वर्गांत हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांकडून ठराविक उत्तरें येतात. साताऱ्याकडील मुलगा म्हणतो, बाळाजीपंत नातूंसारख्यांनीं घात केला म्हणून राज्य बुडालें. सांगलीकडील मुलगा म्हणतो, चिंतामणराव आप्पासाहेब दूरदर्शी होते, त्यांनीं काळ ओळखला म्हणून जहागीर वांचली. दोन्ही उत्तरें मनुष्यांच्या शीलावर येऊन थांबतात. एका घरास दगाबाजीचा डाग आणि दुसऱ्या घरास शहाणपणाचें प्रशस्तिपत्र देऊन मोकळीं होतात. मुलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या वडिलांनीं आणि आमच्याही वडिलांनीं त्यांना हेंच सांगितलेलें असतें. परंतु हीं उत्तरें खरीं कीं खोटीं हें साताऱ्यांत बसून किंवा सांगलींत बसून ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं दोन्हींच्या शेजारीं परक्या मुलखांतलीं राज्यें आणून बसवावीं लागतात. तसें केलें तर काय दिसतें, हें येथें थोडक्यांत पाहावयाचें आहे.

प्रथम साताऱ्याची हकीकत. १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणींत असलेले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हातीं आले. एल्फिन्स्टनसाहेबास पेशव्याच्या नांवाची भीति होती. ती घालविण्यास छत्रपतींची गादी उपयोगी पडेल असें त्यास वाटलें, म्हणून त्यानें ती पुन्हा उभी केली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें उत्तरेस नीरा-भीमा, दक्षिणेस वारणा-कृष्णा, पश्चिमेस सह्याद्रि आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूर एवढा मुलूख महाराजांस आणि त्यांच्या वारसांस निरंतर मिळाला. पहिलीं चार वर्षें कारभार ग्रँट डफसाहेबानें चालविला. १८२२ सालीं तो महाराजांच्या हातीं आला. महाराजांनीं तो चांगला चालविला ह्याविषयीं शत्रुमित्रांत दुमत नाहीं. महाबळेश्वरचा रस्ता, शहराचें पाणी, शाळा ह्या त्यांच्या कारकीर्दीच्या खुणा आहेत. पुढें मुंबई सरकारनें त्यांच्यावर आरोप ठेविले: गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान, आणि पलटणींतील देशी अंमलदारांना फितविण्याचा यत्न. गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आले आणि कबुलीच्या कागदावर सही केल्यास गादी राहील असें म्हणाले. महाराजांनीं सही केली नाहीं. १८३९ च्या सप्टेंबरांत त्यांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें, आणि तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला.

आतां, राज्य गेलें तें ह्याच वेळीं गेलें असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. गादी महाराजांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ह्यांस मिळाली, आणि हे आप्पासाहेब इंग्रजांच्या मर्जींतले होते. त्यांनीं सतीची चाल बंद केली, जकाती उठविल्या, कृष्णा व वेण्णा ह्या नद्यांवर पूल बांधिले. ५ एप्रिल १८४८ रोजीं ते निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं यथाशास्त्र दत्तक घेतला होता. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांचें मत असें होतें कीं, तहांत ‘वारस’ हा शब्द आहे आणि हिंदूंच्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक हा वारसच होय. तेव्हां तो मान्य केला पाहिजे. परंतु क्लार्क गेले, लॉर्ड फॉकलंड आले, आणि कौन्सिलचें मत फिरलें. कलकत्त्यास लॉर्ड डलहौसी नुकतेच येऊन दाखल झाले होते. ऑगस्ट १८४८ मध्यें त्यांनीं आपला प्रसिद्ध खलिता लिहिला, आणि १८४९ च्या जानेवारींत लंडनच्या डायरेक्टरांनीं तो मान्य केला.

सांगलीची हकीकत ह्यापेक्षां साधी आहे. कोंकणांतील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्याय. त्यांच्या मुलांनीं पेशवाईंत तलवार गाजविली आणि मिरजेची जहागीर मिळविली. चिंतामणराव आप्पासाहेब आणि त्यांचे चुलते गंगाधरराव ह्यांचें पटेना, तेव्हां १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनीं मिरज सोडून सांगलीस बिऱ्हाड केलें आणि तेथें गणेशदुर्ग किल्ला व गणपतीचें मंदिर उभारलें. १८१९ च्या मे महिन्यांत कंपनीशीं त्यांचा तह झाला. स्वारांची चाकरी करण्याऐवजीं त्यांनीं तितक्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. चिंतामणराव मोठे मानी गृहस्थ होते. आपल्याकडे त्यांचें नांव निघतें तें मुख्यतः १८४३ सालच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाच्या निमित्तानें, कारण विष्णुदास भाव्यांना तें रचावयास त्यांनींच लाविलें. (१८५१ सालीं हा आश्रय तुटला, म्हणूनच भाव्यांची मंडळी गांवोगांव फिरूं लागली आणि मराठी नाटक दरबारांतून लोकांत आलें, पण हा विषय निराळा.) १८४६ सालीं कंपनीनें त्यांच्या एकनिष्ठेची खूण म्हणून त्यांस एक तलवार नजर केली. म्हणजे सातारचे दत्तकपत्र नाकारण्यापूर्वीं अवघीं दोन वर्षें!

ह्या तलवारीवरून एकनिष्ठेचा सिद्धान्त निघतो आणि वरवर पाहतां तो पटतोही. परंतु खालसा झालें तें राज्य सही नाकारणाऱ्या प्रतापसिंहांचें नव्हे. तें आज्ञाधारक शहाजीराजांचें. एकनिष्ठेनें राज्य वांचत असतें तर सातारा १८३९ सालीं बुडून १८४८ सालीं वांचावयास हवा होता. घडलें नेमकें उलट. शिवाय पटवर्धनांच्या सगळ्याच शाखा कोठें राहिल्या? परशुरामभाऊंच्या घराण्यांतील तासगांव त्याच १८४८ सालीं वारसाच्या अभावीं सरकारजमा झालें. मिरजेच्या चार वांट्यांपैकीं दोन त्याच्याही आधीं गेले. शेडबाळ १८५७ सालीं गेलें. हीं घराणीं सांगलीहून कमी एकनिष्ठ होतीं असें कोणी म्हणत नाहीं. सांगलीच्या दैवाचा एक भाग इतकाच होता कीं, १८५१ सालीं चिंतामणराव वारले तेव्हां त्यांच्यामागें अल्पवयी कां होईना, पण औरस पुत्र धुंडिराजराव होता. ज्या गोष्टीस आपण दूरदर्शीपणा म्हणतों तीपैकीं बराच भाग एका पाळण्यांत झोपलेला होता.

तेव्हां विद्वान् मंडळी दुसरें कारण पुढें करितात. सातारा म्हणजे शिवछत्रपतींचें नांव. तें नांव ज्या गादीभोंवतीं आहे ती गादी परकी सत्ता कशी राहूं देईल? सांगलीच्या नांवानें कोण तलवार उपसणार? हें कारण पुष्कळ दिवस आम्हांसही पुरेसें वाटत होतें, आणि त्याला सिलोनचें उदाहरण चांगलें लागू पडतें. १८१५ च्या मार्चमध्यें कँडीच्या सरदारांनीं इंग्रजांशीं करार केला. राजा श्रीविक्रम राजसिंह ह्यास वेलोरास नेऊन ठेविलें, आणि तेथेंच तो १८३२ सालीं वारला. गादी मोडली, परंतु सरदारांचे हक्क, देवस्थानें आणि जुने कायदे राखण्याचें वचन इंग्रजांनीं दिलें. शेंडा छाटावा आणि फांद्या ठेवाव्या, असा हा प्रकार. साताऱ्यासारखी गादी छाटून सांगलीसारख्या फांद्या ठेवल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तीन वर्षांनीं, तेथील बंडानंतर, त्या फांद्याही बऱ्याच खच्ची करण्यांत आल्या.

परंतु जावा बेटाकडे पाहिलें म्हणजे हा सिद्धान्त लंगडा पडतो. तेथील मातरमचें घराणें १७५५ सालीं गियांतीच्या तहानें दुभंगलें आणि सुराकार्ता व योग्यकार्ता अशा दोन गाद्या झाल्या. आपल्याकडे १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा व कोल्हापूर झाले, त्याची आठवण व्हावी. १८२५ सालीं योग्यकार्ताच्याच राजकुलांतील दीपोनगोरो ह्यानें डच सरकाराविरुद्ध युद्ध पुकारलें. तें पांच वर्षें चाललें, आणि त्यांत सुमारें दोन लक्ष जावानी लोक व आठ हजार युरोपियन शिपाई मेले असा अंदाज आहे. प्रतापसिंहांवर जे आरोप होते ते सगळे खरे मानले तरी ह्याच्या शतांशानेंही ते भरत नाहींत. १८३० सालीं वाटाघाटींस बोलावून दीपोनगोरोला पकडलें आणि दूर सेलेबीस बेटावर हद्दपार केलें. तो मकासर येथें १८५५ सालीं वारला. इथपर्यंत काशीचीच कथा. पण पुढें काय झालें? डचांनीं गादी मोडली नाहीं. दोन्ही राजांचा बाहेरचा मुलूख कापून घेतला आणि गाद्या तशाच ठेविल्या. मौज अशी कीं, युद्धांत डचांच्या बाजूस राहिलेल्या सुराकार्ताचाही मुलूख तितक्याच निष्ठुरपणें कापला गेला. तेथील राजानें तक्रार केली तेव्हां त्याला आंबोइनास पाठविलें. म्हणजे एकनिष्ठेचें कारण जसें कृष्णाकांठीं टिकत नाहीं, तसें जावांतही टिकत नाहीं. आणि नांवाच्या भीतीचेंही तेंच. ज्या नांवानें लाखांचा संहार घडविला तें नांव डचांनीं सिंहासनावर राहूं दिलें, आणि ज्या नांवानें नऊ वर्षें कांहींच घडविलें नव्हतें तें इंग्रजांनीं पुसलें.

ह्याचा उलगडा राजांच्या शीलांत नाहीं; तो साम्राज्याच्या हिशेबाच्या वहींत शोधावा लागतो. १८३० पासून डचांनीं जावांत नीळ, ऊस व कॉफी सक्तीनें लावून घेण्याची पद्धत सुरू केली. ती चालवावयाची कोणीं? डच अंमलदार मूठभर. गांवकऱ्यांना शेतावर उभें करणारे जे होते ते बुपाती नांवाचे वंशपरंपरागत देशी अधिकारी. ज्या सरकारचें सारें उत्पन्न वंशपरंपरेच्या मानावर उभें आहे त्यानें त्या मानाचें मूळच उपटून काढणें म्हणजे आपल्याच कोठारास आग लावणें होय. मुंबई सरकारास अशी अडचण नव्हती. त्याचा सारा पगारी कलेक्टर आणि मामलेदार वसूल करीत होते. मध्यें राजा असला काय आणि नसला काय, वसुलांत फरक पडत नव्हता. पडलाच तर राजा नसल्यानें वाढ होणार होती.

डलहौसींचा खलिता ह्या दृष्टीनें वाचावा. त्यांत दत्तकाच्या शास्त्रार्थाची चर्चा आहे, परंतु खरें वजन निराळ्याच गोष्टींवर आहे. साताऱ्याचा मुलूख मुंबई इलाख्यांतील दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्यें पडतो. तो स्वतंत्र राजाच्या हातीं राहिल्यास फौजांच्या हालचालीस अडथळा होईल. जमीन सुपीक, वसूल भरपूर. हीं ठाणीं म्हणजे अर्थातच पुणें व बेळगांव. आतां नकाशा काढून सांगलीकडे पाहा. सांगली संस्थान हें एकसंध कधींच नव्हतें. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढें, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असे त्याचे तुकडे भीमेपासून धारवाडच्या बाजूपर्यंत विखुरलेले. असल्या तुकड्यांनीं कोणाची वाट अडत नाहीं, आणि ते घेऊन कोणाची वाट मोकळीही होत नाहीं. हेंच जर्मनींत दिसतें. प्रशियाचे दोन भाग १८१५ पासून एकमेकांपासून तुटलेले, आणि मध्यें हॅनोव्हरचें मोठें राज्य. १८६६ च्या युद्धानंतर प्रशियानें तें गिळून टाकलें. तेथील राजघराणें युरोपांतील अत्यंत मानाच्या घराण्यांपैकीं होतें, त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. आणि त्याच्या शेजारचें, आपल्या एखाद्या जहागिरीएवढें शाउंबुर्ग-लिप्पे १९१८ पर्यंत सुखानें नांदलें. अर्थात् हॅनोव्हर लढाईंत जिंकलें गेलें आणि सातारा कागदावर, हा भेद विसरतां नये. तुलना करणाऱ्यानें भेद लपवूं लागल्यास त्याच्या साम्यांवरही कोणीं विश्वास ठेवूं नये.

खलित्यांत आणखी एक कारण आहे, आणि तें वाचतांना आम्हांस दर वेळीं खेद होतो. साताऱ्याची प्रजा, लाटसाहेब म्हणतात, बरीच वर्षें व्यवस्थित व शांत राज्यकारभारास संवकलेली आहे. तेव्हां आमचा कारभार तिच्या सहज अंगवळणीं पडेल. म्हणजे ग्रँट डफनें घालून दिलेली आणि प्रतापसिंह-शहाजी ह्या दोघां बंधूंनीं तीस वर्षें मनापासून सांभाळलेली शिस्त, ते रस्ते, त्या शाळा आणि ते पूल, हींच खालसा करण्याच्या सोयीचीं साधनें ठरलीं. वाईट राज्य वाईट म्हणून घ्यावयाचें (पुढें अयोध्येच्या वेळीं हेंच कारण दिलें गेलें) आणि चांगलें राज्य चांगलें म्हणून! राजानें काय केलें असतें म्हणजे तें राहिलें असतें, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. ह्या खलित्यापुढें त्याचें उत्तर देणें कठीण आहे.

राहतां राहिली तारीख. आमच्या मतें सर्वांत मोठें वजन तिचेंच. १८४८ हें वर्षच असें होतें कीं, त्या काळच्या मोठ्या राष्ट्रांना परके मुलूख पोटांत घेणें हेंच प्रगतीचें लक्षण वाटत होतें. अल्जीरियांत अब्दुल कादिर १८४७ च्या डिसेंबरांत शरण आला आणि पुढल्याच वर्षीं फ्रान्सनें तो देश आपल्याच भूमीचा भाग ठरवून त्याचे तीन जिल्हे पाडले. राजा नाहीं, मध्यस्थ नाहीं. हा साताऱ्याचा जुळा भाऊ. पण त्या कारभारांत फ्रान्सचा जो पैसा आणि जें रक्त खर्चीं पडलें त्यावरून पुढच्या पिढीनें धडा घेतला. १८८१ सालीं ट्युनिस घेतलें तेव्हां तेथील बेला गादीवरच ठेविलें, आणि १९१२ सालीं मोरोक्कोच्या सुलतानालाही. इंग्रजांना तोच धडा १८५७ नें शिकविला. झांशी आणि नागपूर ह्यांची जी गत झाली ती पुन्हा कोणाची करावयाची नाहीं, असें त्यांनीं बंडानंतर ठरविलें. देशी संस्थानें म्हणजे वादळाची लाट फोडणारा बांध होय, असें लॉर्ड कॅनिंग ह्यांस दिसून आलें. १८६२ सालीं सांगलीसह दक्षिणेंतील जहागीरदारांस दत्तकाच्या सनदा मिळाल्या. त्या सनदेची किंमत पुढें कळली. १९०१ च्या डिसेंबरांत धुंडिराजराव वारले तेव्हां सांगलीच्या गादीस औरस वारस नव्हता. पन्नास वर्षांपूर्वीं ह्या प्रसंगीं दुसऱ्या दिवशीं कलेक्टर येऊन दप्तरांस मोहरा लावता. ह्या वेळीं गादी दीड वर्ष रिकामी राहिली, सरकारनेंच पटवर्धनांच्या कुळांतील एक मुलगा निवडला, आणि १९०३ च्या जूनमध्यें त्यास गादीवर बसविलें. साताऱ्यास यथाविधि घेतलेला दत्तक असून राज्य गेलें. सांगलीस तो नसतांना सरकारनें शोधून आणला. मधल्या काळांत ना पटवर्धन बदलले होते, ना धर्मशास्त्र.

आमच्या ह्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सर्व कांहीं रस्त्यांनीं, वसुलानें आणि तारखेनें ठरतें असें म्हटलें तर मनुष्यांच्या करणीस जागा कोठें उरली? आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, राज्य राहिलें कां बुडालें ह्याचा निवाडा आणि राजा कसा होता ह्याचा निवाडा हे दोन निराळे निवाडे आहेत. कबुलीवर सही न करणारे प्रतापसिंह राज्य राहिलें नाहीं म्हणून लहान होत नाहींत. चाकरी नको म्हणून मुलूख तोडून देणारे चिंतामणराव, जहागीर राहिली म्हणून धूर्त ठरत नाहींत. आणि नातूंनीं जें केलें तें केलेंच. पण त्यांनीं तें केलें नसतें तरी १८४८ चा खलिता लिहिला गेला असता.

ह्या सगळ्या प्रकरणांत आमच्या मनांत घर करून बसलेला मनुष्य म्हणजे रंगो बापूजी. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठीं हा गृहस्थ विलायतेस गेला आणि तेरा-चौदा वर्षें तेथें राहिला. पैसा संपला, मालक काशीस वारले, राज्य खालसा झालें, तरी लंडनच्या सभांतून तो तेंच एक सांगत राहिला कीं, तहांत ‘वारस’ शब्द आहे, आमच्या शास्त्रांत दत्तक हा वारस आहे. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन ह्यांच्यासारखे इंग्रजही त्याच्या बाजूनें बोलले. १८५३ च्या सुमारास तो निराश होऊन परतला. १८५७ सालीं साताऱ्यांत कटाचा संशय येऊन ८ सप्टेंबर रोजीं गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली. त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः नाहींसा झाला आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाहीं. पांच वर्षांनीं सांगलीच्या दरबारांत जी सनद वाचली गेली तींत, औरस पुत्र नसल्यास धर्मशास्त्राप्रमाणें घेतलेला दत्तक सरकार मान्य करील, अशा अर्थाचें कलम होतें.